आधीं कोणाचें काम?



आमच्या नगर जिल्ह्याला २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें. बोलण्यांत मात्र जुनें नांव अजून जिभेवरून उतरलेलें नाहीं. या जिल्ह्यांतील मुलाला मुळाक्षरें येण्यापूर्वीं एक शब्द कळतो. तो शब्द म्हणजे ‘पाळी’. नळावर हंड्याची पाळी, गिरणींत दळणाची पाळी, पाटाच्या पाण्याची पाळी, ऊस तुटण्याची पाळी. जेथें पाऊस बेताचा आणि गरजा मोठ्या, तेथें हवी ती वस्तु सर्वांना एकाच वेळीं मिळत नसते. ती पाळीनेंच घ्यावी लागते. त्यामुळें पाळी कोणी लावावी, कशी लावावी, आणि ती मोडली तर दाद कोणाकडे मागावी, यांवरून आमच्याकडे जितके तंटे होतात तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होत असतील.

आज मी या मोठ्या प्रश्नाचा एक लहान तुकडा आपणांपुढें ठेवणार आहें. काम करणारीं माणसें थोडीं आणि काम सांगणारीं पुष्कळ, अशा ठिकाणीं आधीं कोणाचें काम हातीं घ्यावें? हा प्रश्न केवळ खेड्यांतला नाहीं. कचेरींतील चार कारकून, इस्पितळांतील दोन परिचारिका, गृहनिर्माण संस्थेचा एकटा प्लंबर, किंवा सकाळीं आठच्या सुमारास स्वयंपाकघरांत उभी असलेली गृहिणी, यांच्यापुढें तो रोजच उभा असतो. त्याचें उत्तर म्हणून मी जी वस्तु सांगणार आहें, ती एक साधी दोनशें पानी वही आहे. परंतु त्या वहीपर्यंत मी कसा पोंचलों तें आधीं सांगितलें पाहिजे. कारण ती माझ्या शहाणपणांतून जन्मली नाहीं. ती एका चुकींतून जन्मली, आणि ती चूक माझीच होती.

मी पेशानें प्राथमिक शिक्षक. मॅट्रिक झालों, शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि सदतीस वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालों. नंतर नेवासें तालुक्यांतील आमच्या मूळ गांवीं येऊन राहिलों. गांवांतील चवदा तरुणांनीं त्या वेळीं एक टोळी उभी केली होती. दर रविवारीं सकाळीं तीन तास श्रमदान करावयाचें, असा त्यांचा संकल्प. श्रमदान हा शब्द आमच्या जिल्ह्यास नवा नाहीं. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीनें जी पंचसूत्री पत्करली, तींत नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नसबंदी यांच्या जोडीला श्रमदान हें एक सूत्र आहेच. आमच्या तरुणांनीं तोच कित्ता गिरविला. कोणाची गटार तुंबली, कोठें वाट खचली, कोठें शाळेचें कुंपण मोडलें, कीं ही टोळी फावडीं-घमेलीं घेऊन हजर होई. अल्पावधींत कामें इतकीं येऊं लागलीं कीं रविवार पुरेनात. तेव्हां मुलें माझ्याकडे आलीं व म्हणालीं, “गुरुजी, कोणतें काम आधीं घ्यावयाचें तें तुम्ही सांगत जा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाहीं.”

मला या विश्वासाचा आनंद झाला, हें कबूल करतों. लोक मला वाटेंत गांठून काम सांगत, किंवा चिठ्ठी देत. चिठ्ठ्या मी सदऱ्याच्या खिशांत ठेवीत असें आणि शनिवारीं रात्रीं त्यांतली एखादी काढून उद्यांचें काम ठरवीत असें.

चैत्रांत गांवांतील एका वृद्ध, एकट्या राहणाऱ्या बाईंनीं मला सांगितलें कीं, घरामागून येणारा पावसाचा ओघळ मातीच्या भिंतीच्या पायाशीं साठतो. तेवढी चर खणून तो वळवून द्यावा. काम दोन तासांचें. मी ‘करूं’ म्हटलें. त्यानंतर गांवीं एक मोठे पाहुणे येणार म्हणून मैदान साफ करण्यांत दोन रविवार गेले. मग देवळापुढील फरसबंदी निघाली. मग एका वजनदार गृहस्थांच्या मळ्याकडे जाणारी वाट. मग आणखी कांहीं. मृगाचा पहिला पाऊस जिरला. दुसऱ्या पावसांत, भर दुपारीं, ती भिंत बसली. बाई ओसरीवर होत्या म्हणून वांचल्या. भिंतीशीं बांधलेली शेळी मात्र गेली.

मी धांवत गेलों. त्यांनीं मला एकहि शब्द टाकून बोलला नाहीं. त्या एवढेंच म्हणाल्या, “गुरुजी, माझी पाळी लागायचीच व्हती, तवर पाऊसच आला.”

त्या रात्रीं मीं खिशांतल्या व मेजावरच्या सर्व चिठ्ठ्या काढून मांडल्या. तेवीस भरल्या. या बाईंना लिहितां येत नव्हतें, तेव्हां त्यांची चिठ्ठी त्यांत नव्हतीच. मग गेल्या नऊ रविवारीं कोणाकोणाचीं कामें झालीं तें आठवून लिहून काढलें. त्यांतलीं सात कामें अशा माणसांचीं होतीं, कीं जीं दोन-तीनदां घरीं येऊन बसलीं, किंवा ज्यांना ‘थांबा’ म्हणण्याचें मला धैर्य झालें नाहीं. माझ्या मनांत कोणाविषयीं आकस नव्हता. पैशाचा तर संबंधच नव्हता. तरीहि पक्षपात झाला होता, आणि तो करतांना मला तो दिसला नव्हता. निष्पक्षपाती असण्यास मन चांगलें असणें पुरें पडत नाहीं, हें साठीनंतर मला त्या कागदानें शिकविलें.

आतां यावर उपाय काय? मीं विचार करूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आमच्याच जिल्ह्यानें हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर हाताळलेला आहे.

पहिलें उदाहरण पाटाच्या पाण्याचें. अकोलें तालुक्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि खालीं ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या दोन कालव्यांनीं प्रवरेच्या दोन्ही तीरांचें रूप पालटलें. पुढें राहुरीजवळ मुळेवर धरण झालें व त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी नेवासें, शेवगांवाकडे आलें. कालव्याच्या मुखाशीं ज्याची जमीन, त्याच्या दारांतूनच पाणी जातें. त्यानें मनांत आणलें तर शेवटच्या शेतकऱ्यास थेंब मिळूं नये. म्हणून पाटबंधारे खात्यानें शेजपाळीची पद्धत घातली. हंगामापूर्वीं शेतकऱ्यानें सात नंबरच्या नमुन्यावर अर्ज करावयाचा. कोणतें पीक, किती क्षेत्र, तें नोंदवावयाचें. आणि मग प्रत्येक चारीवर शेजाऱ्यामागून शेजारी या क्रमानें पाणी द्यावयाचें. यांतली गोम अशी कीं, हा क्रम टेलपासून, म्हणजे अगदीं शेवटाकडून, मुखाकडे येतो. जागेच्या बळावर जो सर्वांत दुबळा, त्याच्यापासून आरंभ. मुखाशीं असलेल्यास पाणी चुकत नाहीं, तो थांबूं शकतो. टेलचा थांबला तर त्याच्या वांट्यास कोरडी चारी येते. हा नियम सर्व ठिकाणीं सदैव पाळला जातो असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं दारें फोडणारे आमच्याकडेहि आहेत. परंतु नियम लेखी असल्यामुळें फोडणारा चोर ठरतो. नियमच नसता तर तो केवळ हुशार ठरला असता.

दुसरें उदाहरण उसाचें. लोणीजवळ प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखालीं, सहकारी साखर कारखाना उभारला व १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें पहिलें गाळप झालें. तेव्हांपासून आमच्या जिल्ह्यांत अनेक कारखाने निघाले, आणि प्रत्येक हंगामांत एकच तक्रार ऐकूं येऊं लागली: “माझा ऊस अजून कां तुटला नाहीं?” तोडणीच्या टोळ्या मोजक्या, शेतकरी हजारों. तेथें केवळ ‘जो आधीं आला त्याचें आधीं’ असें म्हणून भागत नाहीं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टांत लावतात, तो सोळा ते अठरा महिन्यांनीं तोडीस येतो. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारींत लावतात, तो वर्षानें येतो. खोडव्याचा हिशेब आणखी निराळा. कोवळा ऊस तोडला तर साखर भरत नाहीं. फार ठेवला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटतें. म्हणून कारखान्याचें शेतकी खातें लागणीच्या वेळींच तारीख, जात व क्षेत्र यांची नोंद करून ठेवतें, आणि तोडणीचा कार्यक्रम त्या नोंदीवरून लावतें. येथेंहि वशिला शिरतो. चिठ्ठी आधीं मिळविण्याच्या खटपटी कोणास ठाऊक नाहींत? तरी पद्धतीचें मर्म खरें आहे. क्रम ठरविण्यास लागणारी माहिती, तंटा उत्पन्न होण्यापूर्वीं, कोणाचा लाभ होणार हें कोणालाच ठाऊक नसतांना, टिपून ठेवली जाते.

तिसरें उदाहरण आमच्या जिल्ह्याबाहेरचें, किंबहुना देशाबाहेरचें आहे. नेपोलियनच्या सैन्यांत दोमिनिक लारे नांवाचा एक शस्त्रवैद्य होता. रणांगणावर जखमींची रास पडलेली, आणि वैद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या काळीं सेनापतीची किरकोळ जखम आधीं बांधली जाणें कोणास वावगें वाटलें नसतें. लारे यानें असा दंडक घातला कीं, ज्याची जखम अधिक घातक त्याच्याकडे आधीं पाहावयाचें. हुद्दा पाहावयाचा नाहीं. आजहि मोठ्या अपघाताच्या वेळीं इस्पितळांत रुग्णांची जी निवड करतात, तिचें मूळ येथें सांपडतें. विलंबानें कोणाचें किती बिघडेल, हा त्याचा प्रश्न होता. आमच्या त्या बाईंच्या भिंतीला हाच प्रश्न मीं विचारावयास हवा होता.

चौथी गोष्ट माझ्या भाचीच्या मुलानें सांगितली. तो पुण्यास संगणकाचें काम करतो. संगणकापुढेंहि एकाच वेळीं अनेक कामें येतात आणि त्यालाहि क्रम लावावा लागतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षणसंस्थेंतील एक जुना मोठा संगणक १९७३ सालीं बंद केला, तेव्हां त्यांत १९६७ सालीं दिलेलें एक काम तसेंच पडून राहिलेलें आढळलें, अशी आख्यायिका त्या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सांगतात. काम कमी महत्त्वाचें म्हणून नोंदलेलें. त्याहून महत्त्वाचें कांहीं ना कांहीं रोज येतच राहिलें. आणि तें बापडें सहा वर्षें रांगेंत उभें! यावर त्या शास्त्रानें काढलेला उपाय मोठा मौजेचा आहे. जें काम थांबलें आहे, त्याचा मान काळाबरोबर वाढवीत न्यावयाचा. म्हणजे केव्हां ना केव्हां तें सर्वांत वर येतेंच. आपल्याकडे वयानें मान वाढतो, तसाच हा प्रकार.

या चार गोष्टींतून आमची वही सिद्ध झाली. तिचें स्वरूप आतां सांगतों; कागद-पेन्सिल जवळ असल्यास टिपून घ्यावें.

प्रत्येक कामास एक ओळ. प्रथम अनुक्रमांक व तारीख. मग काम काय तें थोडक्यांत. सांगणाऱ्याचें नांव त्या पानावर नाहींच. तें वहीच्या पाठीमागें, त्याच अनुक्रमांकापुढें लिहावयाचें. त्यानंतर गुणांचे चार रकाने. पहिला रकाना हानीचा: काम लांबलें तर केवळ गैरसोय होणार असेल तर शून्य, वस्तूचें नुकसान होणार असेल तर दोन, आणि आरोग्यास वा जिवास धोका असेल तर चार. दुसरा लाभाचा: एका घरास उपयोग असेल तर एक, एका आळीस असेल तर दोन, सर्व गांवास असेल तर तीन. तिसरा श्रमाचा: काम एका रविवारांत पुरें होण्यासारखें असेल तर एक, नसेल तर शून्य, कारण लहान काम मोठ्याच्या मागें विनाकारण अडकूं नये. चौथा रकाना प्रतीक्षेचा: जितके रविवार काम थांबलें तितके गुण. दर शनिवारीं या रकान्यांत प्रत्येक कामापुढें एक मिळवावयाचा. चारांची बेरीज ज्याची अधिक, तें काम उद्यां. बेरीज सारखी आली तर एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठी उचलावयाची.

शाळामास्तरच्या संवयीप्रमाणें एक उदाहरण सोडवून दाखवितों. देवळापुढील फरसबंदी: हानि शून्य, लाभ तीन, श्रम शून्य, एक रविवार थांबली म्हणून एक, बेरीज चार. मळ्याची वाट: खड्ड्यांनीं मालाचें नुकसान होतें म्हणून हानि दोन, लाभ एक, श्रम शून्य, प्रतीक्षा शून्य, बेरीज तीन. बाईंच्या घरामागील चर: हानि चार, लाभ एक, श्रम एक, तीन रविवार थांबली म्हणून तीन, बेरीज नऊ. एखाद्यानें कंजूषपणा करून हानीचे दोनच गुण दिले असते, तरीहि बेरीज सात झाली असती. चौथी इयत्ता शिकलेल्या मुलानें हें गणित बोटांवर केलें असतें, आणि ती भिंत उभी राहिली असती.

येथें देवभक्त श्रोत्यांनीं रागावूं नये. फरसबंदी नाकारली गेली नाहीं. आणखी सहा रविवारांनीं तिचे गुण दहा होतात, आणि त्या वेळीं नव्यानें येणारें बहुतेक काम तिच्या खालींच राहतें. एक मात्र ध्यानांत ठेवावें: जुन्या दोन कामांतील अंतर प्रतीक्षेनें बदलत नाहीं, कारण गुण दोघांचेहि सारखेच वाढतात. प्रतीक्षेचा उपयोग एवढाच कीं, मागून येणारांनीं आधींच्यास अखंड ढकलीत राहूं नये. त्या संगणकांतील कामासारखी कोणाची गत होऊं नये.

वही झाली म्हणजे न्याय झाला, असें मला पहिल्या महिन्यांत वाटलें. तो भ्रम लवकरच गेला. लोकांना गुणांची कळ समजली, तशी प्रत्येकाच्या कामास जिवाचा धोका उत्पन्न झाला. बैठकीच्या ओट्याची फरशी हलते, तिलाहि जिवाचा धोका! तेव्हां ठरविलें कीं, सांगणारानें केवळ काम सांगावें. गुण त्यानें मागूं नयेत. टोळींतल्या दोघांनीं जागेवर जाऊन पाहावें व गुण द्यावेत. हे दोघे दर महिन्यास बदलावेत, आणि आपल्या भावकींतल्या कामास कोणी गुण देऊं नयेत. नांव पाठीमागें लिहिण्याची युक्तीहि खेड्यांत अर्धीच चालते, हें मी मान्य करतों. काम वाचलें कीं घर ओळखूं येतें. तथापि हातीं पेन्सिल घेतलेल्या माणसास ‘मी नांवाला गुण देत नाहीं, कामाला देतों’ याची आठवण त्या कोऱ्या जागेनें राहते.

दुसरी अडचण तातडीची. विहिरीचा कठडा ढासळला. आतां बेरीज करीत बसावयाचें काय? अर्थातच नाहीं. असें काम सर्वांच्या पुढें घ्यावें. मात्र तें तांबड्या शाईनें लिहावें, तातडी कोणीं ठरविली त्याचें नांव शेजारीं लिहावें, आणि पुढल्या शनिवारीं तें चारचौघांत वाचून दाखवावें. तांबडी शाई आणि उघडें वाचन यांच्या भीतीनें खोट्या तातड्या आपोआप कमी झाल्या.

उघड्या वाचनाविषयीं दोन शब्द अधिक बोलतों. नगर तालुक्यांतील हिवरेबाजारची कीर्ति आपण ऐकिली असेल. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखालीं त्या गांवानें पाण्याचा ताळेबंद मांडण्याची वहिवाट पाडली. पाऊस किती झाला तें मोजावयाचें, गांवांत पाणी किती उपलब्ध आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढें ठेवावयाचा, आणि आधीं माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी बाजूस काढून मग पिकांचा विचार करावयाचा. उसासारखें तहानलेलें पीक घेण्यास त्या गांवानें आपण होऊन मनाई केली. यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट ही कीं, ज्याला ‘नाहीं’ ऐकावें लागतें, त्याला तें हिशेबासह ऐकावयास मिळतें. आम्हीहि शनिवारीं सायंकाळीं पारावर वही वाचूं लागलों आणि पहिलीं पांच कामें खडूनें फळ्यावर लिहूं लागलों. आपला नंबर चवथा आहे व पुढच्या तिघांचीं कारणें काय आहेत हें दिसलें, म्हणजे माणूस कुरकुर करील, पण अपमान झाला असें मानणार नाहीं. आणि बेरजेंत चूक असेल तर ती त्याला काढतां येते. एकदां माझीच चूक सहावीतल्या एका मुलीनें काढली.

भाचीच्या मुलानें हा सर्व तक्ता मोबाइलवर बसवून दिला आहे. शनिवारचे गुण आतां आपोआप वाढतात. सोय उत्तम आहे. तरी फळा मीं काढूं दिला नाहीं. मोबाइलमधली बेरीज ज्याच्या हातीं मोबाइल आहे त्याला दिसते. फळ्यावरची येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसते. ज्या हिशेबानें माणसाला थांबावें लागतें, तो हिशेब त्याला स्वतः ताडून पाहतां आला पाहिजे. म्हणूनच आम्ही गुणांचे रकाने चारांहून अधिक वाढविले नाहींत. अधिक सूक्ष्म पद्धत काढतां आली असती. परंतु ती समजणारे दोघेच उरले असते, आणि पुन्हां गांवाला त्या दोघांच्या दारांत उभें राहावें लागलें असतें.

सर्वांत अवघड अडचण अखेरीस ध्यानांत आली. जो मागतो त्याचेंच काम वहींत येतें. जो संकोचानें मागत नाहीं, ज्याला आपलें गाऱ्हाणें मांडण्याची संवय नाहीं, त्याच्यासाठीं वहींत ओळच नसते. मग गुण कशाला देणार? म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं टोळींतले दोघे प्रत्येक आळींतून फिरतात व दारांत उभे राहून विचारतात, “कांहीं काम आहे काय?” लिहितां न येणारांचें ते लिहून घेतात. शेजपाळी टेलपासून कां सुरू होते, तें मला अशा फेरींत खऱ्या अर्थानें कळलें.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल, हा सारा खटाटोप खेड्यासाठीं ठीक आहे. तर आपल्या मेजावरील कागदांची चळत आठवून पाहावी. सर्वांत शेवटीं आलेला कागद सर्वांत वर असतो आणि म्हणून आधीं निकालांत निघतो. तळाचा तळाशींच राहतो. ज्याचा दूरध्वनि तीनदां येतो, त्याचें काम होतें. ज्यानें विश्वासानें एकदांच सांगून ठेवलें, तो थांबतो; म्हणजे विश्वास ठेवल्याबद्दलच त्याला दंड होतो. घरींहि पाहावें. ज्या मुलाचा आवाज मोठा त्याची वही आधीं तपासली जाते, आणि आजीचा चष्मा दुरुस्तीस टाकण्याचें काम महिनाभर उद्यांवर जातें. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद डकवून पाहावा. गुण द्यावेत न द्यावेत. कोणतें काम केव्हांपासून थांबलें आहे एवढी तारीख जरी लिहिली, तरी पुष्कळ उलगडा होईल.

आमच्या गांवच्या त्या बाईंची भिंत त्यांच्या भावानें पुढें विटांची बांधून दिली. ओघळ आम्ही वळविला. तें काम वहींतील पहिल्या ओळीवर आहे. दुसऱ्या वर्षीं त्यांच्या ओट्याची पायरी खचली आणि फेरीवाल्या मुलांनीं ती नोंदली. कांहीं रविवारांनीं ती पायरी बेरजेंत सर्वांत वर आली. शनिवारीं पारावर मीं तसें वाचून दाखविलें, तेव्हां बाई उठून म्हणाल्या, “गुरुजी, माझं ऱ्हाऊ द्या. शाळेच्या वाटंवर खड्डा पडलाय, पोरं पडत्यात. त्ये आधीं घ्या.” मी वही दाखवून म्हटलें कीं, खड्डा दुसऱ्या क्रमांकावर आहे, नियमाप्रमाणें पायरी आधीं. त्यांनीं विचारलें, “पाळी माझीच हाय न्हवं?” मी म्हटलें, “होय, तुमचीच.” “मंग ती मी देते.”

आदल्या वर्षीं हीच पाळी आम्ही त्यांना न विचारतां दुसऱ्यांना देऊन टाकली होती. या खेपेस ती त्यांच्या हातांत होती, म्हणून देणाऱ्या त्या झाल्या. त्या रविवारीं टोळीनें खड्डा बुजविला, पुढल्या रविवारीं पायरी बसविली. वहींतील शेऱ्याच्या जागीं मीं लिहून ठेवलें आहे: “पाळी अर्जदारानें स्वखुशीनें दिली.”